टेस्टर

सोहारला शुक्रवारी शेवटचा पेशंट
यासीन परकार, दाभोळचा,
अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन.
खालची उजवी दाढ. तीन दिवस लवंग दाबून धरलेली;
तो खुर्चीत बसायच्या आधी
लवंगेचा वास येऊन बसला.

"सुई केवढी असते, बाई?"
मी सुई दाखवत नाही. कुणालाच.
ती हनुवटीखालून येते, नजर चुकवून.

अंगठा गालाच्या आत,
जबड्याच्या हाडाला खोबण लागते तिथे टेकवलेला.
सिरिंज पलीकडून, डाव्या दाढांवरून तिरकी.
दोन सेंटिमीटर, किंचित जास्त,
आणि टोकाला हाड लागतं.
हे लागणं शिकवता येत नाही :
अंधारात पायाच्या अंगठ्याला उंबरठा लागावा
तसं, पण अलगद.
मग केसभर मागे. दट्ट्या ओढून बघायचं,
काचेत लाल धागा नाही ना आला.
नाही.
मग हळू. इतकं हळू
की भिंतीवरचं घड्याळ उतावळं वाटावं.
बाहेर मगरिबची बांग सुरू होते, अर्धी होते,
मी अजून दट्ट्यावर.

पाच मिनिटं.
"ओठ?"
"जाड झालाय. दुसऱ्याच कुणाचा तरी लावलाय."
"जीभ?"
"अर्धी."
म्हणून मी प्रोबचं टोक दाढेशी दाबते
आणि यासीन वीतभर वर उडतो.

एसी अठरावर, कपाळाला घाम माझ्या.
ओठ मेला, जीभ मेली,
दाढ जिवंत.

तो कापूस जिभेनं सरकवतो.
अर्ध्या ओठात प, फ, ब सगळे एकच झालेत :
"आमच्याकडं मेन पाडला, कुलूप घातलं,
चावी माझ्या खिशात,
तरी टेस्टर लावल्याबिगर मी हात घालत नाय.
कधी कधी दुसरीकडनं सप्लाय येतो, बाई.
कुणीतरी जोडून ठेवलेला असतो,
ड्रॉइंगमध्ये नसतो.
माझा जोडीदार असाच..."
कापूस परत जागेवर.

पुस्तकात आहे एक बारीक तंतू.
मोठ्या तारेतून वरच फुटतो,
जबड्याच्या आतल्या अंगानं उतरतो
जिभेखालच्या स्नायूकडे,
आणि एखाद्या माणसात जाता जाता
दाढेलाही शिवून जातो.
परीक्षेत लिहिला होता मी, दोन मार्कांना.
त्यानंतर आज.

आरशानं जीभ बाजूला केली.
दाढेच्या मागे, खाली, आतल्या उतारावर सुई.
थोडंसंच औषध.
गालाकडच्या हिरडीत आणखी चार थेंब,
तिचं कनेक्शन वेगळंच असतं.
यासीन बोटांवर मोजतोय. मी मनात.
प्रोब.
"लागतंय?"
"टेस्टर विझला."

दाब कळेल, म्हटलं, कडकड ऐकू येईल, दुखणार नाही.
नाही दुखलं.
दोन मुळं, त्यातलं एक भलतंच वाकडं.
त्यानं दाढ टिश्यूत गुंडाळली
आणि कुलपाची चावी असते त्या खिशात घातली.

"तीन तास काही खायचं नाही.
गाल चावला जाईल, रक्त येईल,
तुम्हाला पत्ता लागणार नाही."
"घरी फोन?"
"करा की. बोबडं येईल जरा."
"मग नको. अम्मा म्हणंल, प्यायलाय."

रात्री अकरा दहाला व्हॉइस मेसेज,
मागे कॅम्पवरचा टीव्ही, कुणाचं तरी खोकणं,
प आणि ब पुन्हा आपापल्या जागी :
"बाई, सप्लाय आला. ठणकतंय."

लिहिलं, गोळी घ्या, जेवून.
मग जोडीदाराचं काय झालं
ते विचारायला
चार अक्षरं टाइप केली,
पुसली.