धारेवरची मोजणी

वर्गातल्या नकाशात मराठवाडा दाखवताना
माझा डावा अंगठा नेहमी वरच्या कडेवर टेकायचा.
नकाशा गुंडाळू पाहतो, त्याला दाबून धरावं लागतं.
अंगठ्याखाली काय आहे
हे एकवीस वर्षांत कुणा पोरानं विचारलं नाही,
मीही उचलून पाहिला नाही.

मोजणीची ड्यूटी लागली ती नेमकी अंगठ्याखाली.

कन्नडहून जीप फाट्यापर्यंत.
पुढं नऊ किलोमीटर पाय.
साग, सालई, पानं झाडून बसलेला धावडा,
मग नुसतं कुसळी गवत, साडीच्या काठात घुसणारं,
आणि काळ्या दगडाच्या पायऱ्या, कुणी न बांधलेल्या.
मोबाईलला रेंज नाही.
मोरांना आहे: दोन दऱ्या ओलांडून बोलत होते.

यादीत नाव कोळदरा. घरं चौदा.
उघडी चार.
बाकीच्यांना बाहेरून कडी, कडीत बोरीची काडी.
कुठं गेलीत?
सुरतेला, साडीला टिकल्या चिकटवायला.
होळीला येतील.
आली तर.
मी रकान्यात लिहिलं, कुलूपबंद.
एकाही दाराला कुलूप नव्हतं
पण छापून आलेला शब्द तोच होता.

रेमाबाई भिलांची. वय विचारलं
तर म्हणाली, मोठ्या दुष्काळात खडी फोडायला गेले,
सुकडी मिळायची. तवा मला न्हाण आलं नव्हतं.
मी बोटांवर वजाबाकी करत राहिले
आणि ती बघत राहिली
तिचे उसने पैसे कुणी मोजून परत देतंय तशी.
पासष्ट, म्हटलं मी.
बरं, म्हणाली. ठेव.

झिपरूचं घर सगळ्यात वर, अगदी धारेवर.
कौलाच्या ह्या पन्हाळीचं पाणी शिवनेला,
शिवना गोदावरीला, गोदावरी पार उगवतीच्या समुद्राला.
त्या पन्हाळीचं पाणी कड्यावरून खाली खानदेशात,
तापीतून मावळतीला.
जलविभाजक. व्याख्या लिहा, दोन गुण.
झिपरू त्या दोन गुणांवर खाट टाकून
विळीच्या मुठीला तार गुंडाळत बसलेला.

नाव सांगितलं. बायको नाही, शेळ्या पाच.
मी लिहायला लागले तोवर
पलीकडच्या दारातून एक सर घामाघूम आत आले,
गळ्यात तसंच ओळखपत्र, हातात तसाच फॉर्म.
चाळीसगावकडचे. कडा चढून आलेले.
बाई, हाऊ तं मन्या यादीमा शे, म्हणाले.
जिल्ह्याची हद्द चुलीजवळून जाते म्हणे.
दोघांनी आपापले नकाशे पसरले.
दोन्हींत ती रेघ घरापेक्षा जाड होती.

रात्री झोपतोस कुठं रे?
वारा असंल तसं, झिपरू म्हणाला.
खालून झोंबायला लागला की खाट हिकडं,
उकडलं की तिकडं.
काल?
काल शेळी व्याली. झोपलोच नाही.

सरांनी टोपी काढून वारा घेतला.
आम्ही तिघांनी कोरा चहा प्यायला,
कप दोनच, त्यामुळं सर थांबले.
वरिष्ठांना विचारू म्हणाले.
मीही तेच म्हणाले. रेंज नव्हती.
कुणी लिहिलं शेवटी, ते मी इथं सांगत नाही.

उतरताना रेमाबाईच्या ओट्यावर बसून
एका चौरस किलोमीटरला किती, ते काढलं.
उत्तर एकाच्याही आत आलं.
पोरांना शिकवते तो शब्द आठवला, विरळ.
ताकाला म्हणतात, जुन्या लुगड्याला म्हणतात.

वाच की, रेमाबाई म्हणाली, काय झाली बेरीज?
मी नावं वाचली, एकेक, मोठ्यानं.
लांब असल्यामुळं नाही,
मोठ्यानंच वाचावीशी वाटली.
समोरच्या दरीनं शेवटचं नाव तेवढं परत दिलं.
सात, मी म्हटलं.

तिनं पदरात मोहाच्या बिया निवडता निवडता विचारलं,
झिपऱ्याला धरून,
का सोडून?