तीन डेसिबलच्या आत

पॅच केवढा? मसुरीच्या डाळीएवढा.
समोरासमोरचे दोन कोपरे छाटलेले,
त्यातून निघणारी लाट
मळसूत्रासारखी फिरत जायला हवी:
एक भाग आडवा, एक उभा,
दुसरा पाव फेरा मागं.
दोघं सारखे तगडे असले तर वर्तुळ,
एक जरी थकला तर अंडं.

माझं अख्खं वर्ष अंड्यांत गेलं.

सत्तावीस पूर्णांक नऊ गिगाहर्ट्झला गोल,
जरा पुढं सरकलं की चपटं.
कुलभूषण चौगुले म्हणायचा,
"एका ठिकाणी येतंय ना? छाप पेपर, मोकळी हो."
विश्रामबागेतल्या त्या खोलीत
काळ्या फोमचे सुळके आम्हीच चिकटवलेले.
गोंद संपला, एक भिंत उघडी राहिली.
उजवी फिरणारी लाट तिच्यावर आपटून
डावी होऊन परत यायची,
आणि माझा अँटेना
तिला ओळख दाखवायचा नाही.

शनिवारी मिरजेला, घरी.
अब्बा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत होते.
फिरवत कसली, टेकवत.
तार छेडायची. ऐकायचं. पुन्हा टेकवायची.
"कुठल्या पट्टीचा?"
"काळी एकवाला नेणार. पण उद्या पांढरी दोनवाला बसला,
तर यानं मुकं व्हायचं?
एका सुरावर बोलणारी जवारी कुणीपण घासतंय."

मी मोबाइलवर आलेख दाखवला.
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"मधे दरी, दोन्हीकडं डोंगर.
ही दरी रुंद पाहिजे तुला?"
"होय."
"मग घासणं थांबव."

आणि तारेखाली सूत सरकवलं.
तारेला गाठ नाही, घोडीला गोंद नाही,
नुसतं मधे पडून.
नखभर पुढं, गव्हाएवढं मागं,
आणि अख्खा भोपळा बोलायला लागला.

सोमवारी पॅचशेजारी तांब्याची पट्टी टाकली,
कशालाच न जोडलेली.
शेजारणीचं ऐकून थरथरते, एवढंच तिचं काम.
सोळा वेळा सरकवली.
यूपीएस दोनदा बोंबलला.
सतराव्याला दरी पसरली,
पंचवीस ते तीस,
तीन डेसिबलच्या आत.
एकतिसाजवळ एक कुबड आहे अजून.

पुस्तकं अशा पट्टीला परजीवी म्हणतात.
आमच्या गल्लीत त्या सुताला जीव म्हणतात.
प्रबंधात कुठलं लिहू, कुलभूषणला विचारलं.
म्हणाला,
आधी ते कुबड बघ.