पीळ

आल्टेनात, लेन्ने नदीच्या काठी,
तारेच्या कारखान्यात माझा पहिला आठवडा.
ओटिलिए ब्रोकहाउसबाईंनी तुटकी स्प्रिंग
टेबलावर ठेवली. सांग एकहार्ट, कशानं मेली?

दाबून, मी म्हणालो.
दाबतो आपण, त्या म्हणाल्या,
तारेला कळतो तो फक्त पीळ,
वेढ्यामागून वेढा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आणि भेग बघ, आतून सुरू झालीय,
वेढ्याच्या पोटाकडून,
जिथे ताण सगळ्यांत जास्त
अन् बोट पोचत नाही.

मग गणित. तेवढ्याच वजनाखाली
वेढ्याचा व्यास दुप्पट, तर दबणं आठपट.
तारेची जाडी निम्मी, तर सोळापट.
मायक्रोमीटर माझ्या हातात देत:
केसभर चूक इथे केसभर राहत नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात.
पोलादाचं तसं नाही.
भट्टीत अर्धा तास,
की वळवताना धरलेला बराचसा रुसवा सुटतो.

दुपारी भट्टीतून निघालेल्या, निवालेल्या स्प्रिंगा आल्या.
एकेक पुरती चेपायची, वेढ्याला वेढा टेकेपर्यंत.
सोडली, तर तीन मिलिमीटर बुटकी.
बिघडली?
छे. खचायचं तेवढं आजच खचली.
आता गाडीखाली खचणार नाही.

पाच वाजता त्या कोट चढवत होत्या.
डावा खांदा उजव्याहून जरा खाली.
मी काही विचारलं नाही.
वहीत लिहिलं:
मोकळी लांबी, एकशे बारा.