निरंक

मॅडम पुण्याहून आल्या, रेकॉर्ड रूममधल्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या
आणि म्हणाल्या, या चाचणीत पेशंटला सारखं बोलवायचं नाही.
रक्तदाबाची गोळी, अर्ध्यांना जुनी, अर्ध्यांना नवी,
कुणाला कुठली ते चिठ्ठीवर.
पुढं काय होतं ते तुमचे केसपेपरच सांगतील.

माझे केसपेपर.
सत्तावीस वर्षं थोरल्या दवाखान्यात मी त्यांना सुतळी बांधतोय,
ते कुणाला काही सांगतील असं वाटलं नव्हतं.

आधी जुन्या नोंदी तपासल्या.
जैतुनबी मुजावर, कसबा बावडा. वय साठ.
तीच जयतुन, तीच झैतूनबी, पाच वर्षांपूर्वीही साठ,
कारण खिडकीतला पोरगा विचारतो, वय?
आणि ती म्हणते, घाल की तुझ्या मनानं.
कॉम्प्युटरला या तीन बायका.
मला एक: डाव्या पायानं लंगडणारी,
केसपेपर पानाच्या चंचीत ठेवणारी.
डॉक्टरांच्या सहीवर काताचा डाग.

मग पुराचं साल.
खालच्या फळ्या पाण्यात होत्या. कागद आम्ही गच्चीवर वाळवले,
पापडासारखे, वर खडे ठेवून.
मॅडमच्या आलेखात तिथं अकरा दिवस सपाट रेघ.
या काळात कुणाला त्रास झालेला दिसत नाही, त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, रस्ता नव्हता, मॅडम.
त्या जरा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या.
मग वहीत लिहिलं: रस्ता नव्हता.

चाचणी सुरू झाली. नावं गेली, नंबर आले.
दोनशे चौदा म्हणजे कोण हे मला कळायचं कारण नव्हतं,
पण गाठ माझ्या हातची.
हुपरीचे भूपाल आदगोंडा, चांदीचे कारागीर.
नोंदणीच्या दिवशी आधारच्या यंत्रावर त्यांचा अंगठा उठेना.
चांदी घासून घासून रेषाच गेल्या होत्या.
चार वेळा पुसला, चार वेळा यंत्र म्हणालं, नाही.
ते हसले. म्हणाले, मी हाय का बघा तरी.

सहा महिन्यांनी तक्त्यात:
भेट नाही. भरती नाही. झटका नाही. मृत्यू नाही.
घटना: निरंक.

त्याच सकाळी चहाबरोबर मी पेपर वाचला होता.
आतल्या पानावर, मुलाच्या लग्नातला कोट घातलेले,
रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी नऊ वाजता.
मिरजेत गेले असणार, खाजगीत.
तिथला कागद नदी ओलांडून इकडं येत नाही.

फोन लावायचा अधिकार मला नव्हता. लावला.
बाईनं उचलला. दवाखान्यातनं म्हटल्यावर म्हणाली,
गोळ्या उरल्यात एकवीस. मी रोज मोजून देत हुतो.
न्यायला येताय काय?

मी मॅडमना कळवलं. फॉर्मवर 'माहितीचा स्रोत' असा रकाना आहे,
त्यात पेपर बसत नाही, मी तर नाहीच बसत.
त्या ओरडल्या नाहीत.
मिरजेला पत्र गेलं, दाखला यायला सात आठवडे लागले,
आणि तक्त्यात एक नवा रकाना पडला: माहीत नाही.
महिन्याभरात त्यात एकसष्ट नंबर जमले.
काल-परवापर्यंत हे सगळे ठणठणीत होते.

आज जैतुनबी आली. चाचणीत तीही आहे, एकदाच, मी बघितलंय.
चंची सोडत विचारलं, माझा कागद जातोय कुठं म्हणं?
पुण्याला.
मी न्हाई गेलो कधी पुण्याला, ती म्हणाली,
कागद तरी जाऊन आला.
मग खिडकीच्या गजाला धरून खोकली, बराच वेळ.
ह्यो लिवलाय का रं त्यात? कोरडा. दोन म्हैनं झालं.

मी घडी उलगडून बघतो.
पुढून, मागून.