निळा क्रेट

कागद मी तांदळाच्या पिंपात ठेवतो,
मॅट, दोनशे साठ ग्रॅमचा, पन्नास नगांचा गठ्ठा,
आणि लेन्स कपड्यांच्या कपाटात, पंधराच्या बल्बखाली,
म्हणजे बुरशी धरत नाही. प्रणिता म्हणते,
या घरात ऊब हवी तर काच व्हावं लागेल.

दिवसभर पतपेढीत ओल्या नोटा मोजतो.
बंदरावरच्या नोटांना मुशीचा वास,
बाजारातल्यांना हळदीचा.
रात्री जेवणानंतर हात दोनदा साबणाने धुऊन
वेंगुर्ल्याचं आकाश पडद्यावर उघडतो
आणि थोडं थोडं खोटं करत जातो.

थोडंच. क्षितिज कलतं, ते सरळ करतो,
माझा उजवा खांदा उतरलेला, समुद्राचा दोष नाही.
सावल्या जरा उचलतो. विजेची तार पुसतो.
पांढरा म्हणजे कुठला पांढरा, यावर अर्धा तास:
चुन्याचा, बगळ्याचा,
की पापलेटच्या पोटाचा?

तर द्वारका गिरप.
शिमग्यातला फोटो, छापायला मला दिवाळी उजाडली.
लिलाव संपलेला, ती पाण्याकडे तोंड करून
बशीत चहा ओतत होती. वाफ, आणि मागे
दीपगृहाचा विझत आलेला डोळा.
सगळं जमून आलं होतं,
फक्त डाव्या हाताशी प्लास्टिकचा एक क्रेट,
निळा, असा निळा की दुसरं काही बघूच देईना.
पुसला. शेजारची ओली वाळू उचलून तिथे लावली,
एकच शिंपला दोनदा उगवला, तो मोडला.
पहाटे दोनला चित्र शांत झालं.

अर्धं छापून झालं आणि लाइट गेली. पुन्हा छापलं.
बंदरावर नेऊन दिलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
चेहऱ्याबद्दल काही नाही, वाफेबद्दल काही नाही.
"माजो क्रेट खंय?"
म्हटलं, काढला. जरा नजरेला येत होता.
"खरो गेलो श्रावणात. कोणी व्हेलो कळूक नाय.
आता फोटोतलो तुमी व्हेलात?"
कोळंबी निवडणाऱ्या तिघीजणी हसल्या,
त्यातली एक तर कोळंबी खाली ठेवून.

नशीब, मूळ फाइल मी कधी टाकत नाही.
क्रेट तिथे होता. मोठा करून पाहिला:
एक कान मोडका, नायलॉनच्या दोरीने बांधलेला,
कडेला लाल रंगात, हाताने, द्वा. गि.,
गि-ची वेलांटी ओघळून खालपर्यंत आलेली.
हे मी पुसलं होतं. अक्षरांसकट.

मग निळा छापेना. पडद्यावर पेटायचा,
कागदावर येताना जांभळा व्हायचा, आजारी.
शाईची बाटली आठवड्यात तळाला गेली.
पट्ट्या काढल्या, अकरा, बारा, सतरा,
प्रत्येकीवर पेन्सिलीने: किरमिजी उणे चार, उणे सहा, नको.
त्या अजून घरभर आहेत,
पंचांगात खूण म्हणून, डगमगत्या टेबलाखाली,
कोकमाच्या बरणीवर.
अठरावी उन्हात नेऊन बघितली. बरोबर आला.
म्हणजे बरोबर नाहीच, पण मालकिणीला ओळखू येईल असा.

तो फोटो घेऊन ती दारोदार हिंडली म्हणे.
चौथ्या दिवशी उभादांड्याला एका पडवीत सापडला,
आत कोंबड्या निजलेल्या,
द्वा. गि. शाबूत.

फोटो परत आणून दिला. "हो खराब झालो, दुसरो मोटो करा."
कडांना बोटांचे ठसे, मधोमध घडी,
आणि वर उजवीकडे, आकाशात,
जिथे मला नेहमी काहीतरी कमी वाटायचं,
एक खवला चिकटलेला.
नखाने निघाला असता.

पैसे घेईना म्हटल्यावर पिशवीत पाच बांगडे.
प्रणिताने ते सिंकमध्ये ओतले. दिव्याखाली त्यांच्या पाठीवर
हिरवा आणि निळा यांच्यामधलं ते काहीतरी
मिनिटभर हललं, मग मंद होत गेलं.
मी म्हटलं, थांब, कॅमेरा आणतो.
ती म्हणाली, आधी मांजर हाकल.