वापर : इतर

मामा बिंतुलूहून परतला तेव्हा पेटीत
वेल्डिंगचा चष्मा, काळ्या मिऱ्यांची पुडी
आणि पाठकोऱ्या पावतीवर जाराउने
कोळशाने काढून दिलेली होडी.

खिळा नाही, मामा म्हणायचा.
अख्ख्या बांकोंगला एक खिळा नाही.
साठ माणसं, साठ वल्ही, आणि आवाज?
वाफ्यात पाणी शिरावं एवढा.
जाराउचा पणजोबा तिच्यात बसून
रातोरात दुसऱ्या नदीवर जायचा
डोकी आणायला.
हे सांगताना मामाचा घास हातातच राहायचा.
सांगून झालं की आमटी मागायचा.

वीस वर्षं लोखंड जोडलेला माणूस
बुरूड आळीत वेतासाठी घासाघीस करू लागला.
शिवणीच्या फळ्या, काठाने भोकं,
गुडघ्याखाली दाबून गोधडीसारखी
फळी फळीला शिवली. फटींत राळ.
साठ कुठली, नऊ जणांपुरती झाली.

पाटबंधारेच्या अर्जात रकाना होता :
मासेमारी, पर्यटन, इतर.
मामाने ‘इतर’पुढे लिहिलं, लढाई.
बेंडकुळे बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. कुणाशी?
पंखा फिरत होता.
मामा बराच वेळ उभा राहिला.
‘ते अजून ठरलं नाही.’

मे महिना. गंगापूर धरण पार खाली गेलेलं.
उजाडायच्या आत आम्ही नऊ जण पाण्यात.
काठावरचा बगळासुद्धा उडाला नाही,
इतके आम्ही कुणीच नव्हतो.
मग बांधावर जीपचे दिवे.

मामाने होडी उथळाला घेतली, कोयता काढला.
आम्हाला वाटलं, आता झालं.
त्याने वेत कापला.
पहिला, दुसरा, मग सटासट सगळे.
केळीचं पान पसरावं तशी होडी पाण्यावर पसरली.
‘उचला.’

द्राक्षबागांच्या कडेने नऊ खांदे, नऊ फळ्या.
पाठलाग झाला की तेही असंच करायचे,
मामा धापा टाकत सांगत होता,
पुढच्या नदीवर पुन्हा शिवायचे.
मागे कुणीतरी ओरडत होतं, होडी कुठाय, होडी?

मामा जाऊन चार वर्षं झाली.
एक फळी सिडकोत आहे, एक ओझरला,
एकीवर विलासची आई कपडे धुते.
माझी माळ्यावर. काठाला एकोणीस भोकं,
त्यांतून मुंग्या ये-जा करतात.

परवा बुरूड आळीतून जात होते.
वेताचा भाव विचारला.
नुसता विचारला.