टेबल

पहिल्या वर्षी मियारायने एका माणसापुरता निवारा केला,
बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून.
तेव्हा आम्ही अजून टेबलावरच जेवत होतो,
निवारा मिठाच्या बरणीशेजारी सरकवून.
वडील म्हणाले, पाणी कुठे जाणार?
पुठ्ठा आहे, बाबा.
ते नळ दुरुस्त करतात. वाल्पाराइसोच्या टेकड्यांवर
पाण्याला फार पर्याय नसतात.
वरच्याच्या अंगणातून खालच्याच्या चुलीत.

मग बालवाडी.
आठवडाभर ती घरात गुडघ्यांवर फिरली,
कुठल्या उंचीवरून समुद्र दिसतो ते बघत,
टेपचं दुसरं टोक माझ्या हातात.
तीन वर्षांच्या मुलाला आमच्या घरातून
समुद्र दिसत नाही, असं निघालं.
मी याच घरात तीन वर्षांचा होतो.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

मासळीबाजारात मांजर झोपलं.
छप्पर मधोमध बसलं, रात्र संपत आलेली,
तिने ते तसंच नेलं.
परीक्षकांनी त्या बाकाचं फार कौतुक केलं.

इस्पितळ आलं तेव्हा आम्ही वाट्या मांडीवर घेतल्या.
जूनची थंडी, घेवड्याचं कढण,
आणि टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत
पांढऱ्या खोल्या.
त्याच महिन्यात आईचं पित्ताशय काढलं.
खऱ्या इस्पितळात ती दोन रात्री बोळात होती,
डोक्यावर ट्यूबलाइट.
घरी आल्यावर तिने मॉडेल नीट पाहिलं
आणि एवढंच विचारलं :
दिवा झोपल्या झोपल्या विझवता येतो का?
मियारायने दोनशे बारा खाटांशेजारी
सुईने दोनशे बारा टोचे मारले.
ती बटणं होती.
परीक्षकांपैकी कुणालाच दिसली नाहीत.

चौथ्या वर्षी गुमुसियो सरांनी तुरुंग दिला.
आमचा मावसभाऊ लेआंद्रो आत आहे, हे घरात
जेवताना बोलत नाहीत.
तिने कोठड्या काढल्याच नाहीत,
भेटीची खोली तेवढी काढली,
पश्चिमेला उघडणारी, लांब बाकांची, झाडासकट.
झुनिल्दा मावशी रविवारी आली, वाकून बघत राहिली.
छान आहे, म्हणाली. पिशव्या कुठे तपासतात?
ते नव्हतं काढलेलं.
सगळा वेळ तिथेच जातो गं, मावशी म्हणाली,
आणि चहा न घेता निघाली.

शेवटच्या वर्षी समोरची टेकडी जळाली.
वारा दक्षिणेचा होता, आमच्याकडे फक्त राख आली,
वाळत घातलेल्या चादरींवर.
मियारायचं सांस्कृतिक केंद्र अर्धं झालं होतं.
ते तिने पलंगाखाली सारलं
आणि वडिलांना घेऊन पलीकडे गेली.
तो एकच प्रकल्प त्यांनी मिळून मोजला.
दोघं काळी होऊन परतायची,
भांडत, चढ किती, दाब किती,
तिसऱ्या वळणाच्या वर नळाला पाणी का चढलं नाही.

तिने जिना काढला.
चारशे सहा पायऱ्या, दर वळणावर हौद,
हौदाला कपडे धुवायचा कट्टा.
कुणीतरी विचारलं, ही इमारत कोणत्या प्रकारची?
तिने काय उत्तर दिलं ते ती सांगत नाही.
पास झाली. नीटसं हसून नाही.

आता ती दक्षिणेला पुएर्तो मोंतला एका कचेरीत
पार्किंगच्या रेघा आखते.
टेबल आम्हाला परत मिळालं.
लाकडावर सुरीचे चरे आहेत, पाच वर्षांचे,
भाकरीचा चुरा त्यांत अडकतो
आणि आई काडीने काढत बसते.

काल साखरेच्या डब्यात एक माणूस सापडला,
नखाएवढा, पांढऱ्या कागदाचा, एक पाय उचललेला.
बाजारातला की इस्पितळातला, ओळखू येईना.
वडिलांनी त्याला फुंकून साफ केलं,
खिडकीत उभं केलं, मग जरा विचार करून
खाली एक काड्यापेटी सरकवली.
आता दिसेल, म्हणाले.